वस्तीवरचे कॅमेरे : एप्रिल ते जून २०२५ च्या नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार

तासगाव तालुका, आमची वस्ती. बेदाणा कोल्ड स्टोरेजला गेला, द्राक्षांची खरड छाटणी उरकली, आण्णांना जरा उसंत आहे. मागं खालच्या विहिरीवरची मोटारीची केबल कुणीतरी कापून नेली. तक्रार दिली, पण कुणी नेली, किती वाजता, कुठल्या वाटेनं, यातलं काहीच सांगता आलं नाही. तेव्हापासून भाऊ पुण्याहून फोनवर एकच म्हणतोय, "ताई, चार कॅमेरे टाकून घे." मी सांगलीत, आई-आण्णा इथं दोघंच. काम माझ्याकडं आलं.

आज खरेदीचं नाव काढायचं नाही, असं ठरवूनच आले. कागद-पेन्सिल घेऊन घराभोवती फिरले आणि प्रत्येक जागेपाशी लिहिलं : इथं मला नेमकं काय कळायला हवं? फाटकापाशी, आलेला माणूस कोण हे कळायला हवं, म्हणजे चेहरा. गोठ्यात चेहरा नको, जनावरं जागेवर आहेत का एवढं पुरे. शेडमध्ये ट्रॅक्टर, ब्लोअर आणि डिझेलचे कॅन असतात. तिथं कुणी आत शिरलं तर लगेच समजलं पाहिजे. मागच्या बाजूला ऊस आहे, तिकडून माणूस बांध ओलांडून आला की फोन वाजला पाहिजे. चार जागा आणि चार वेगळे प्रश्न. चारही ठिकाणी एकसारखा कॅमेरा लावणं चूक ठरेल, हे तिथंच लक्षात आलं.

रात्री जेवणं झाल्यावर दिवे मालवून फाटकापाशी उभी राहिले. रस्त्यावरच्या खांबाचा दिवा फाटकाच्या बाहेरच संपतो, आत मिट्ट काळोख. चोर येणार तो याच वेळी, म्हणजे कॅमेरा निवडायचा तो या अंधारासाठी.

२० एप्रिल, रविवार

मोजमापं. पडवीच्या खांबापासून फाटक ३० फूट. खांब ते शेड साधारण ८० मीटर, मध्ये उघडं खळं. गोठा घराला लागूनच.

आठवडाभर रात्री वाचन केलं. कॅमेऱ्यांच्या वाटा मुख्य तीन. वायफायचा कॅमेरा लावायला सोपा, पण वीज त्याला वायरनंच द्यावी लागते, आणि दगडमातीच्या दोन फुटी भिंतींतून वायफाय गोठ्यापर्यंत नीट पोचत नाही. दुसरी, डीव्हीआर (चित्रण साठवणारा रेकॉर्डर) आणि टीव्हीला असते तसल्या कोॲक्स केबलची जुनी वाट. स्वस्त पडते, गावातल्या कुठल्याही वायरमनला येते. तिसरी आयपी कॅमेरे (नेटवर्कच्या केबलवर चालणारे), त्यांचा रेकॉर्डर म्हणजे एनव्हीआर, आणि पीओई : एकाच कॅट-६ नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही. माझा कौल तिसरीला. कॅमेऱ्याशेजारी ॲडॅप्टर आणि प्लग लागत नाही, म्हणजे पावसात भिजणारे आणि उघड्यावर कुणालाही उपटता येणारे जोड कमी. आणि सगळ्याला वीज एकाच ठिकाणाहून जाते, त्यामुळं लाईट गेली तर एकच जागा इन्व्हर्टरवर घेतली की झालं.

आता लेन्स. लोक मेगापिक्सेल विचारतात, पण गणित लेन्सपाशी अडतं. पाळतीच्या कॅमेऱ्यांसाठी आयईसी ६२६७६-४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर तो उभा आहे त्या जागी चित्राच्या रुंदीत दर मीटरला २५० पिक्सेल हवेत. आपल्या माहितीतला माणूस ओळखायला १२५ पुरतात. कुणीतरी आहे, एवढंच कळायला २५.

४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे २५६० पिक्सेल. २५० नं भागलं की १०.२४ मीटर. म्हणजे चित्राची रुंदी सव्वादहा मीटर होईपर्यंतच चेहरा खात्रीचा. दुकानात सहसा मिळते ती २.८ मिमीची लेन्स साधारण १०० अंश बघते, तिची ही हद्द १४ फुटांवर संपते. आमचं फाटक ३० फुटांवर! तिथं दर मीटरला साधारण ११७ पिक्सेल उरतात. आण्णा जेमतेम ओळखू येतील, चोर नाही. ८ मेगापिक्सेल घेतला तरी तीच लेन्स जेमतेम २१ फुटांपर्यंत पोचते. उलट ६ मिमीची लेन्स साधारण ५२ अंशच बघते, पण ४ मेगापिक्सेलवरही ३४ फुटांपर्यंत चेहरा देते. किंमत जवळपास तीच. शिवाय तेवढ्याच सेन्सरवर दुप्पट पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो आणि अंधारात चित्र दाणेदार होतं.

ठरलं : फाटकाला ६ मिमी, मागच्या बाजूला ४ मिमी, गोठ्यात आणि शेडमध्ये २.८.

आण्णांनी कागद उलटसुलट करून बघितला. "म्हंजी फाटकाचा कॅमेरा अंगण दाखवणार न्हाय?" नाही दाखवणार, आण्णा. अंगणात माणूस आला म्हणजे फाटकातून नाहीतर मागच्या बांधावरून आला. दोन्हीकडं कॅमेरा आहे.

२६ एप्रिल, शनिवार

सांगलीत खरेदी. ९ एप्रिलपासून नवा नियम लागू झालाय : सीसीटीव्ही कॅमेरा भारतात विकायचा तर केंद्र सरकारनं ठरवलेल्या सुरक्षेच्या निकषांवर, एसटीक्यूसीसारख्या मान्य प्रयोगशाळेत तपासलेला हवा. कुणी बाहेरून आत घुसू शकतं का, आतलं सॉफ्टवेअर बदलता येतं का, हे त्यात बघतात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न तोच विचारला : या मॉडेलचं प्रमाणपत्र आहे? एका ठिकाणी "जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो" म्हणाले. तिथून निघाले. दुसऱ्या दुकानात मॉडेल नंबरासकट प्रमाणपत्र दाखवलं, तिथं घेतलं.

ऑनव्हिफ चालतं का, हेही विचारून घेतलं. २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून सुरू केलेलं हे मानक आहे, त्यामुळं एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडता येतो. उद्या एक कॅमेरा गेला तर चारही बदलायची वेळ येऊ नये. बाहेरचे तिन्ही बुलेट, म्हणजे लांबट नळीसारखे, आणि आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारे. घुमटाच्या आकाराचा घेतला नाही. त्याच्या प्लॅस्टिकवर धूळ आणि थेंब बसले की रात्री कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड, म्हणजे अंधारात बघण्यासाठीचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड आत परततो आणि चित्र दुधाळ होतं.

हार्ड डिस्क २ टीबीची, पाळतीच्या कामासाठी बनवलेली. साधी डिस्क रात्रंदिवस लिहिण्यासाठी केलेली नसते.

केबलसाठी मात्र अडून बसले. दुकानदारानं कॅट-६ चं बंडल समोर टाकलं, भावही चांगला होता. मी म्हटलं, टोक कापून द्या. एक तार सोलली आणि ब्लेडनं वरून हलकेच खरवडली. तांब्याचा रंग निघून गेला, खाली पांढरं. सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. नुसतं इंटरनेट न्यायला ती कशीबशी चालेलही, पण पीओईत तिच्यातून वीज जाते. लांब अंतरावर व्होल्टेज पडतं, तार तापते, आणि रात्री इन्फ्रारेड सुरू झाला की कॅमेरा बंद-चालू, बंद-चालू. दुसरं बंडल खरवडलं, आतपर्यंत लाल. तेच घेतलं. पैसे जास्त गेले, पण भिंतीतून एकदा ओढलेली केबल कोण परत काढणार.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. वायरमन दादा सकाळी सातलाच हजर, ऊन चढायच्या आत बाहेरचं ओढकाम उरकायचं म्हणून.

सगळी केबल पीव्हीसी पाइपातून. उसाच्या कडेला घुशी आणि उंदीर इतके आहेत की उघडी केबल महिनाभर टिकणार नाही. कॅमेऱ्याकडून भिंतीत शिरण्याआधी प्रत्येक केबलला खाली एक वळसा दिला. पावसाचं पाणी केबलवरून ओघळत येतं, ते वळशाच्या तळाशी टपकून जातं, भोकातून आत जात नाही. कॅमेऱ्याचा जोड डबीत, डबीचं भोक सिलिकॉननं बंद.

शेडचा प्रश्न वेगळा. ८० मीटर म्हणजे कॅट-६ च्या १०० मीटरच्या मर्यादेत बसतं, दादा म्हणालेही, "ताई, सरळ ओढू की." पण शेडला वेगळा मीटर, वेगळं अर्थिंग. जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो आणि तो तांब्याच्या तारेतून धावतो. वळवाच्या तोंडावर उघड्या खळ्यातून तांबं नेणं मला पटेना. तिथं फायबर टाकली. दोन्ही टोकं कंपनीतूनच बसवून आलेली, दोन्हीकडं फायबर आणि तांब्याची केबल जोडून देणारा मीडिया कन्व्हर्टर, शेडच्या बाजूला कॅमेऱ्याला वीज द्यायला पीओई इंजेक्टर आणि एक छोटा बॅटरी-पॅक. फायबर काचेची, तिच्यातून वीज जात नाही.

रेकॉर्डर कुठं? माळ्यावर ठेवा, कुणाला दिसणार नाही, असं भाऊ फोनवर म्हणाला. पण वर पत्रा आहे, मे महिन्यात दुपारी तिथं हात लावून बघा म्हणजे कळेल. हार्ड डिस्क तिथं टिकायची नाही. मधल्या खोलीत देवघराच्या मागच्या भिंतीवर डोक्याएवढ्या उंचीवर लोखंडी पेटी ठोकली, जाळीची आणि कुलपाची. उंचीचं माझ्या मनानंच घेतलं. आमचं सांगलीतलं घर गावभागात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, इथली धोक्याची पातळी ४५. तेव्हापासून मी कुठलंही यंत्र जमिनीवर ठेवत नाही.

४ मे, रविवार

कॅमेरे बसले. फाटकाचा पडवीच्या खांबावर नऊ फुटांवर. वायरमन दादांना आणखी वर हवा होता, हात पोचू नये म्हणून. पण जितका वर जाईल तितकी टोपी आणि डोकं दिसतं, चेहरा नाही. नऊ फुटांवर हात पोचत नाही आणि हनुवटीही दिसते.

फाटक पूर्वेला. सकाळी सूर्य सरळ लेन्समध्ये येतो, म्हणून कॅमेरा थोडा खाली झुकवला, क्षितिज चौकटीबाहेर काढलं, आणि उजेड-सावली सांभाळणारं डब्ल्यूडीआर चालू केलं. गोठ्यात वेगळीच भानगड निघाली : चुन्याची पांढरी भिंत कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला. अंधारात इन्फ्रारेड तिच्यावर आपटून सगळं चित्र पांढरं, म्हशी नुसत्या काळ्या सावल्या. कॅमेरा भिंतीपासून हातभर पुढं वाशावर आणला, तेव्हा कान-शिंगं दिसायला लागली.

मागच्या बाजूचा कॅमेरा बसवताना आई बाहेर आली आणि मोबाइलवरचं चित्र बघत उभी राहिली. मग एवढंच म्हणाली, "ह्यात मोरी येतीया."

खरंच येत होती. मागच्या अंगणात धुण्याचा दगड आहे, चूल आहे, तिथंच आई पहाटे पाणी तापवते, केस धुते. आमच्या घरातल्या बायकांची तेवढीच एक मोकळी जागा. चित्र बघणार आम्ही घरचेच, पण ते तिला सांगून काय उपयोग? तिला तिथं मोकळं वाटायला हवं. कॅमेरा तिथून काढला आणि कोपऱ्यावरच्या खांबावर नेला, तोंड बांधाकडं, मोरी पाठीमागं. वरून आतल्या सेटिंगमध्ये चौकटीचा डावा भाग कायमचा काळा केला. बांधाचा थोडा तुकडा सुटतो, सुटू दे. या प्रकल्पात मी घेतलेल्या निर्णयांत हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

५ मे, सोमवार

रजा टाकली होती. काल रात्री चाचणी घेतली. आण्णांनी घोंगडं पांघरलं, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि फाटकातून आत आले. आधी हळू, मग नेहमीच्या चालीनं, मग पळत. उभ्या माणसाचा चेहरा स्वच्छ, चालणाऱ्याचा पुसट. कारण अंधारात कॅमेरा आपोआप शटर उघडं ठेवतो, सेकंदाचा पंचविसावा भाग, आणि तेवढ्यात माणूस पुढं सरकतो. शटर शंभराव्या भागावर पक्कं केलं, तर चित्र काळं पडलं. उजेडच हवा होता. फाटकाच्या खांबावर ९ वॅटचा एलईडी बल्ब लावला, संध्याकाळी आपोआप लागणारा. आता चालत्या माणसाचाही चेहरा मिळतो, तोही रंगीत. या एका बल्बनं जे काम केलं ते दुप्पट मेगापिक्सेलनं झालं नसतं.

गाडीचा नंबर रात्री मिळत नाही. हेडलाइटच्या झोतात पाटी नुसती पांढरी. त्यासाठी वेगळा, फक्त पाटीवर रोखलेला कॅमेरा लागतो. तूर्त नको.

११ मे, रविवार

साठवण. तीन कॅमेरे २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट), प्रत्येकी दिवसाला २१.६ जीबी. फाटकाचा ४ वर, ४३.२ जीबी. सगळे मिळून १०८. २ टीबीत १८ दिवसांचं चित्रण राहतं, मग जुनं पुसत जातं. इथं चोरी झाली तर दुसऱ्या दिवशी कळतेच, १८ दिवस भरपूर. एच.२६५ या चित्रण दाबून लहान करायच्या नव्या पद्धतीमुळं हे जमलं, जुन्या एच.२६४ मध्ये एवढंच चित्र बरीच जास्त जागा खातं.

मग पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर पकडले होते. फार हुशारी लागली नाही, कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. त्या ऑक्टोबरात त्याच कॅमेऱ्यांकडून संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी ठिकाणं बंद पडली. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा लांब पासवर्ड, तो आईच्या दागिन्यांच्या डब्यातल्या वहीत लिहिलेला. राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे यंत्रांना बाहेरच्या इंटरनेटसाठी आपोआप वाट उघडू देणारी सोय, बंद. वायरमन दादांना बसवण्यापुरतं वेगळं खातं दिलं होतं, ते काम झाल्यावर पुसलं. त्यांना सांगूनच पुसलं, त्यांनाही ते बरोबर वाटलं. कॅमेऱ्यांचे माइक बंद. दिसतं तेवढं पुरे, कुणाचं बोलणं ऐकायचं नाही.

वस्तीवर इंटरनेट सिमवरचं. फोनवर हलकं चित्र येतं, पूर्ण दर्जाचं रेकॉर्डरमध्येच राहतं. रेंज गेली तरी रेकॉर्डिंग थांबत नाही.

१८ मे, रविवार

यंदा वळीव लवकर आणि जोराचा. काल संध्याकाळी खळ्यापलीकडच्या बाभळीवर वीज पडली. शेडमधला मोटारीचा स्टार्टर गेला, ट्यूब गेली, शेडकडच्या मीडिया कन्व्हर्टरचा ॲडॅप्टर जळाला. घरातला, कॅमेऱ्यांना वीज देणारा पीओई स्विच, रेकॉर्डर, बाकीचे तिन्ही कॅमेरे शाबूत. शेडचा कॅमेराही नवा ॲडॅप्टर लावल्यावर चालू झाला. तांब्याची तार असती तर तो दणका सरळ रेकॉर्डरपर्यंत आला असता. एक ॲडॅप्टर जादा आणून पेटीत ठेवला.

रात्रभर लाईट नव्हती. घरातला सगळा पसारा, म्हणजे कॅमेरे, स्विच, रेकॉर्डर, राउटर मिळून ५० वॅटच्या आतबाहेर. १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर पंखा चालवूनही रात्र निघाली. फक्त इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर वीज जाताच रेकॉर्डर रीस्टार्ट होतो आणि नेमकी ती मिनिटं हरवतात.

२५ मे, रविवार

फाटकाच्या चौकटीत रस्त्यापलीकडचं तात्यांचं दार येत होतं. त्यांच्याकडं गेले, फोन त्यांच्या हातात दिला. "तात्या, हे बघा, तुमचं दार दिसतंय. मी झाकून टाकते." त्यांच्यासमोरच तेवढा भाग काळा केला. ते म्हणाले, "रस्ता र्‍हाऊ दे की, आमच्याबी कामाला येईल." रस्ता ठेवला. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलंय, पण शेजारी निकाल दाखवायची वेळ येऊच नये. आधी जाऊन बोललं की भागतं.

शेडमध्ये छाटणीच्या बायका दुपारी जेवायला बसतात. त्यांनाही कॅमेरा कुठवर बघतो ते दाखवलं. भिंतीकडचा कोपरा दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी भाकरीची गाठोडी तिकडं हलवली. फाटकावर आणि शेडवर पाटी लावली : इथं कॅमेरा चालू आहे.

१५ जून, रविवार

पाऊस सुरू झाल्यापासून फोन रात्रभर वाजतो. इन्फ्रारेडच्या भोवती किडे, किड्यांसाठी कोळी, आणि कोळ्याचं जाळं वाऱ्यानं हललं की कॅमेऱ्याला वाटतं कुणीतरी आलं. आण्णांनी सूचना बंदच करून टाकल्या होत्या. सूचनाच बंद, तर मागच्या कॅमेऱ्याचा उपयोग काय? नुसती हालचाल टिपणं बंद केलं. त्याऐवजी बांधावर एक रेघ आखली. माणसानं ती ओलांडली तरच फोन वाजेल, तोही रात्री दहा ते पहाटे पाच. वेळूच्या काठीला मऊ कुंचा बांधून दिलाय, दर रविवारी कॅमेऱ्यांवरून फिरवायचा. फाटकावर किडे बल्बकडं जातात, कॅमेरा ३० फूट लांब, तिथं त्रास नाही.

गोठ्याचा कॅमेरा मात्र आण्णांच्या हाताला बसलाय. म्हैस व्यायला आली होती, रात्री दर तासाला कंदील घेऊन उठण्याऐवजी अंथरुणातूनच बघत होते. पहाटे बरोबर वेळेला गेले. रेडी झाली.

२२ जून, रविवार

चित्रण पोलिसांना द्यायची रंगीत तालीम. ओळखीच्या वकिलांना विचारलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. पेन ड्राइव्हवरची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमतही (फाइलवरून निघणारा, फाइल जरा बदलली तरी बदलणारा आकडा) लिहायची असते. पूर्वी हेच कलम ६५-ब होतं. ते प्रमाणपत्र हवंच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये आपल्याच जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, पक्कं केलं. तिथंही वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावरून होता.

कालचा दहा मिनिटांचा तुकडा रेकॉर्डरमधून काढला, शा-२५६ या पद्धतीनं हॅश काढली, वहीत उतरवली. रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटवरून वेळ घेतंय का, तेही बघितलं. घड्याळच मागं-पुढं असेल तर समोरचा वकील पहिला तिथंच बोट ठेवेल.

२९ जून, रविवार

विहिरीचं उरलंय, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं. विहीर घरापासून लांब. तिथं सोलर पॅनेलचा, सिमवर चालणारा कॅमेरा लावता येईल, भावाचा आग्रहही तोच. पण पावसाळ्यात ढगाळ दिवस लागोपाठ आले की बॅटरी उतरते, रेंज तिथं अधूनमधूनच, आणि फोन वाजला तरी अंधारात एकट्या आण्णांनी तिकडं धावत जावं असं मला अजिबात वाटत नाही. रात्री केबल तोडणाऱ्यांच्या हातात कोयता असतो.

तिथं कॅमेरा लावायचा नाही. केबल दोन फूट खोल चरातून पाइपात गाडायची, वर विटा आणि माती. स्टार्टरला जाड पत्र्याची कुलपाची पेटी, बिजागऱ्या आतून वेल्ड केलेल्या. आण्णांनी लगेच हो म्हटलं. वेल्डरला मापं कळवली : रुंदी दीड फूट, उंची दोन, खोली एक. चर खणायला वाफसा आल्यावर माणसं सांगितलीत.